मुका स्वर : फ्रेंच गाणे, फ्रेंच मुलाखत आणि शिकणाऱ्याचा कान

९ एप्रिल १८६० रोजी पॅरिसमध्ये एदुआर-लेओं स्कॉत द मार्तँव्हिल या गृहस्थाने काजळी धरलेल्या कागदावर मानवी आवाजाची एक नागमोडी रेघ उमटवली. त्याच्या यंत्राला आवाज लिहिता येत होता, लिहिलेला वाचून दाखवता येत नव्हता. तसा त्याचा हेतूही नव्हता; आवाज डोळ्यांना दिसावा एवढेच त्याला हवे होते. एडिसनचा फोनोग्राफ यायला अजून सतरा वर्षे होती. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने ती रेघ वाजवली, तेव्हा प्रथम एखादी मुलगी गात असल्यासारखे वाटले. नंतर वेगाचा हिशेब चुकल्याचे लक्षात आले. योग्य वेगाने वाजवल्यावर निघाला पुरुषाचा आवाज, बहुधा खुद्द स्कॉतचा, सावकाश आणि जपून गाणारा. गाणे होते 'ओ क्लेर द ला ल्यून', म्हणजे 'चंद्राच्या उजेडात'. आज ऐकता येणारा सर्वांत जुना मानवी गळा असा फ्रेंच बालगीत गाताना सापडला.

त्या नावातला शेवटचा शब्द 'ल्यून', म्हणजे चंद्र. बोलताना फ्रेंच माणूस तो एका झटक्यात उच्चारतो आणि शेवटचा 'न' हलन्त ठेवतो. गाताना मात्र त्याचे दोन तुकडे पडतात, 'ल्यू' आणि 'न', आणि चालीत या दोन्ही तुकड्यांना सारख्याच लांबीचे स्वर मिळाले आहेत. रोजच्या बोलण्यात जो स्वर ऐकूच येत नाही, त्याला गाण्यात 'ल्यू'इतकीच ऐसपैस जागा! फ्रेंच व्याकरणात त्याला 'अ म्युए', मुका अ, म्हणतात. फ्रेंच गाण्यांतून फ्रेंच शिकता येते का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला या एका स्वरात दिसते. उरलेले निम्मे उत्तर, तोच गायक गाणे थांबवून मुलाखत देऊ लागतो तेव्हा मिळते. हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून ऐकण्याचा प्रयत्न मी बरीच वर्षे करत आले आहे. त्यातून जे हाती लागले आणि जे फसले, ते इथे मांडते.

मराठी माणसाला मुका अ समजावून सांगावा लागू नये. आपण 'घर' अशी दोन अक्षरे लिहितो आणि 'घर्' बोलतो. 'करवत' लिहितो, 'कर्वत्' म्हणतो. लिपीत असलेला आणि जिभेवर नसलेला हा अ आपल्याला इतका सवयीचा आहे की तो आपण गिळतो हेही आपल्या ध्यानात येत नाही. पण वारीत 'विठ्ठल विठ्ठल'चा गजर सुरू झाला की 'ल'मधला अ पूर्ण उच्चारला जातो, त्याच्यावर टाळ पडतो. शेजारच्या विठ्ठलविषयी बोलताना तो कुठे असतो? मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे मोजतो तेव्हाही आपण लिहिलेले अक्षर मोजतो, बोललेले नाही. फ्रेंच छंदशास्त्राचा हिशेबही असाच आहे. त्यांच्या बारा अवयवांच्या आलेक्साँद्रँ ओळीत मुका अ पुढे व्यंजन आले तर मोजायचा, स्वर आला तर त्यात विरघळवायचा. ओळीच्या अगदी शेवटी आला तर मोजायचा नाही, पण यमकाची जात ठरवताना त्याची नोंद घ्यायची, आणि अशा यमकाला 'स्त्रीलिंगी' म्हणायचे. म्हणजे दोन्ही भाषांच्या काव्यात, बोलण्यातून उठून गेलेल्या स्वराचे पान अजून मांडलेले आहे.

या स्वरावरून अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चांगलीच जुंपली होती. झाँ-झाक रूसोने १७५३ साली फ्रेंच संगीतावर एक पत्रवजा पुस्तिका लिहिली. फ्रेंच भाषेत मुकी, घोगरी, नाकातली अक्षरे फार, म्हणून ती गाण्यालाच नालायक. फ्रेंचांना संगीत नाही आणि ते कधी असणारही नाही, हा तिचा निष्कर्ष. गंमत अशी की आदल्याच वर्षी त्याने स्वतः 'गावचा ज्योतिषी' हा फ्रेंच संगीतिकेचा खेळ रचला होता आणि तो राजदरबारी गाजलाही होता. उलट बाजूने व्होल्तेर. इटालियनची थोरवी गाणाऱ्या देओदाती नावाच्या लेखकाला १७६१ साली लिहिलेल्या पत्रात त्याने या मुक्या स्वराची बाजू घेतली. हार्पसिकॉर्डच्या पट्टीवरून बोट उचलले तरी नाद रेंगाळतो, तसा हा स्वर शब्द संपल्यावर कानात राहतो, असे त्याचे म्हणणे. रूसोला जे भाषेचे वैगुण्य वाटले ते व्होल्तेरला तिचे संगीत वाटले. गाणे ऐकताना मी व्होल्तेरच्या बाजूची असते. भाषा शिकताना मात्र रूसोचा चिडका सूर समजू शकतो.

कारण मी फ्रेंच शिकले ती बरीचशी गाण्यांवर. आमच्या पिढीत बारावीला फ्रेंच घ्यायची ती गुण मिळवून देणारी भाषा म्हणून. दोन वर्षांनी हातात शंभरापैकी नव्वदावर गुण असत आणि तोंडातून एक वाक्य निघत नसे. पुढे पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले तेव्हा बाईंनी टेपरेकॉर्डर आणला, गाळलेल्या जागांचा कागद वाटला आणि झाक ब्रेल लावला. 'न म कित पा', म्हणजे 'मला सोडून जाऊ नकोस', हे १९५९चे गाणे. त्या तासाला मला प्रथमच फ्रेंच ऐकू आली, प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक अक्षर धुतलेले. मी भारावून गेले. वर्षभरात साठ-सत्तर गाणी तोंडपाठ झाली, एदित पियाफचा घशात घोळवलेला 'र' आरशासमोर उभे राहून गिरवला.

पुढे ल्याँमध्ये एका वृद्ध बाईंकडे खोली घेऊन राहण्याचा योग आला. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझे बोलणे कौतुकाने ऐकून घेतले आणि मग विचारले, 'तुम्ही शाळेतली कविता म्हणून दाखवल्यासारख्या का बोलता?' त्याच दिवशी मी त्यांना 'त्यू', म्हणजे अगे-तुगे, करून बसले होते. गाण्यांत सगळे एकमेकांना 'त्यू'च म्हणतात. प्रेमात पडलेला माणूस 'अहो' कशाला म्हणेल? बार्बारासारखी एखादी गायिका आपल्या श्रोत्यांनाच प्रियकर मानून त्यांच्यासाठी 'अहो'जाहोचे गाणे रचते तो अपवाद. साठ-सत्तर गाणी पाठ असलेल्या मला पावाच्या दुकानात दुकानदारिणीशी कसे बोलावे हे माहीत नव्हते.

गाण्याची बाजू मांडायची तर तिच्यामागे संशोधनाचा आधार आहे. एडिंबरा विद्यापीठात कॅरन लडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ प्रौढांवर प्रयोग केला. 'मेमरी अँड कॉग्निशन' या नियतकालिकात २०१४ साली तो छापून आला. हंगेरियनचा गंधही नसलेल्या या लोकांना पंधरा मिनिटांत त्या भाषेतले छोटे वाक्प्रयोग शिकवायचे होते. एका गटाने ते ऐकून साधे बोलायचे, दुसऱ्याने तालात बोलायचे, तिसऱ्याने गायचे. गाऊन शिकलेल्यांना ते वाक्प्रयोग इतरांपेक्षा चांगले आठवले. यात अविश्वसनीय काही नाही. पाढे आपण चालीवरच पाठ केले. पण प्रयोगाने सिद्ध झाले ते इतकेच की गायलेले लक्षात राहते. लक्षात राहिलेले जसेच्या तसे बोलायला चालते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि 'गाण्यांतून भाषा शिका' असे सांगणारे बहुतेक जण तो विचारत नाहीत.

पुन्हा ब्रेलच्या त्या गाण्याकडे वळू. त्याच्या ओळी पाच-पाच अवयवांच्या आहेत आणि शीर्षकाचे शब्दही बरोबर पाच होतात : न, म, कि, त, पा. यातला पहिला 'न' हा नकाराचा अर्धा भाग, उरलेला अर्धा 'पा'. रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणूस हा 'न' सरळ टाकून देतो. नकाराचा सगळा भार 'पा'वर. मग 'म'मधला स्वर जातो, 'कित'मधला तर जातोच. स्वयंपाकघरात एखाद्याने हेच वाक्य म्हटले तर ते 'म्कित्पा' असे काहीतरी होईल, जेमतेम दोन अवयव. 'मला माहीत नाही' हे पुस्तकात 'झ न से पा' असते आणि रस्त्यावर 'शेपा'. ब्रेलचे गाणे व्याकरणाच्या पुस्तकाइतकेच शुद्ध आहे आणि म्हणूनच ते नवशिक्याला समजते. त्या शुद्धतेतच त्याची आर्तता आहे, हे मला फार उशिरा कळले. विनवणी करणारा तो माणूस भाषेतले एकही अक्षर सोडायला तयार नाही. गिळता येण्यासारखा प्रत्येक स्वर तो उच्चारतो, जणू एखादे अक्षर निसटले तर तीही निसटेल. पण ही आर्तता कळायला, साध्या बोलण्यात हे वाक्य किती तुटपुंजे होते ते आधी ठाऊक असावे लागते. बोली न येणाऱ्या विद्यार्थ्याला गाण्याचे शब्द कळतात, गाणे कळत नाही.

इथे मुलाखतीचे काम सुरू होते. ६ जानेवारी १९६९ रोजी पॅरिसच्या रू सँ-प्लासीद या रस्त्यावरच्या एका घरात फ्रांस्वा-रने क्रिस्तियानी या तरुण पत्रकाराने ब्रेल, झॉर्ज ब्रासँस आणि लेओ फेरे यांना एका टेबलाभोवती बसवले. 'रॉक ए फोल्क' मासिकासाठी ही मुलाखत होती. झाँ-पिएर लल्वार यांनी त्या वेळी काढलेले छायाचित्र पुढे असंख्य फ्रेंच भिंतींवर लागले : तीन माणसे, मायक्रोफोन, धूर. कविता आणि गाणे, पैसा, एकटेपण, मृत्यू अशा विषयांवर तिघे बोलतात. स्त्रियांविषयी जे बोलतात ते आज ऐकवत नाही. पण शिकणाऱ्याच्या कानाला ही मुलाखत म्हणजे खाण आहे. ब्रेल हा ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेकचा, ब्रासँस भूमध्यसागराकाठच्या सेतचा, फेरे मोनाकोचा. तिघेही फ्रेंच गाण्याचे शिखर मानले गेलेले आणि तिघांपैकी एकही पॅरिसमध्ये जन्मलेला नाही.

ब्रासँसच्या बाबतीत तर मला माझेच प्रमेय दुरुस्त करावे लागले. दक्षिण फ्रान्समध्ये मुका अ मुका नाही. तिथले लोक साध्या बोलण्यातही तो उच्चारतात, आणि पॅरिसवाले त्यावरून त्यांना ओळखतात आणि चिडवतातही. म्हणजे ब्रेलच्या गाण्यात जो स्वर कलेने परत आणलेला वाटतो, तो ब्रासँसच्या तोंडी घरचा आहे. ब्रासँसचे गाणे इतके बोलल्यासारखे का वाटते, याचे उत्तर समीक्षक सहसा त्याच्या शब्दकळेत शोधतात : शिव्या, जुने शब्द, व्हियाँपासून घेतलेला खट्याळपणा. ते खरेच आहे. पण एक कारण त्याच्या गावच्या उच्चारातही असावे. ज्याच्या बोलीतच छंदाचा हिशेब शिल्लक आहे, त्याला गाताना आवाज बदलावा लागत नाही. १९६७ साली फ्रेंच अकादमीने त्याला कवितेचा मोठा पुरस्कार दिला तेव्हा गाणारा माणूस कवी कसा, यावर वाद झाला. मला तो वाद ऐकूनच बोलीचा मुद्दा आठवतो.

मुलाखतीतून आणखी एक गोष्ट मिळते, तिला कुठल्याही पाठ्यपुस्तकात धडा नाही. ती म्हणजे भरताड शब्द : 'बँ', 'आँ', 'आँ फेत', 'व्ह्वाला', आणि वाक्याच्या शेवटी आपटलेला 'क्वा'. 'क्वा'चा कोशातला अर्थ 'काय', आणि तो नेमका आपल्या 'काय'सारखाच वापरला जातो. 'दमलो होतो, काय, मग निघून आलो' यातला 'काय' जसा प्रश्न विचारत नाही, तसाच हा 'क्वा'. गाण्यात असे शब्द मात्रेत बसत नाहीत म्हणून येत नाहीत. छापील मुलाखतीत संपादक ते काढून टाकतो आणि गळलेला 'न' नेमाने परत लावतो. म्हणून मुलाखत वाचायची नसते, ऐकायची असते. फ्रान्सच्या दृक्-श्राव्य संग्रहालयाने २००६पासून आपला जुना साठा खुला केला, तेव्हापासून दूरदेशीच्या विद्यार्थ्यालाही हे सहज जमते. मी ज्या काळात शिकले तेव्हा वर्गात गाण्याच्या कॅसेटी होत्या, बोलण्याच्या नव्हत्या. माझी शाळकरी कवितेची फ्रेंच त्या कपाटातून आली होती.

गायक बोलू लागला की भाषेचा नकाशाही उलगडतो. सेलीन दिऑनचा 'द' हा १९९५चा संग्रह, झाँ-झाक गोल्डमनने तिच्यासाठी रचलेला, सर्वाधिक खपलेल्या फ्रेंच संग्रहांत मोडतो. ती गाणी ऐकणाऱ्याला गायिका क्वेबेकची आहे याचा फारसा सुगावा लागत नाही. मग तिची मुलाखत लावावी. क्वेबेकमध्ये 'इ' आणि 'यू'सारख्या स्वरांपूर्वी 'त'चा 'त्स' आणि 'द'चा 'द्झ' होतो. 'त्यू'चे होते 'त्स्यू', 'दिर'चे 'द्झिर'. पॅरिसमध्ये शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याची इथे त्रेधा उडते. मराठी कानाची उडू नये : चमचा आणि चहा यांतले दोन च आपण न सांगता वेगळे ठेवतो, जहाज आणि जग यांतले दोन ज तसेच. माझ्या ओळखीतल्या मॉन्ट्रियलला गेलेल्या मराठी मुलांनी हा उच्चार हसत-खेळत उचलला. प्रश्न निराळा आहे. जगभर जाणाऱ्या गाण्यात ती खूण का पुसावी लागली? त्याच क्वेबेकमध्ये १९६८ साली रोबेर शार्लबुआने 'लिंडबर्ग' हे गाणे तिथल्या कामगारवस्तीच्या बोलीत, 'झुआल'मध्ये, बेधडक गाऊन दाखवले होते. त्या गाण्याचा क्वेबेकमध्ये जयजयकार झाला. पण परदेशी विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षात मी शार्लबुआ कधी वाजलेला ऐकला नाही.

आपल्याकडेही या गोष्टीची एक सर्वश्रुत कथा आहे. तरुण लता मंगेशकरांच्या उर्दूला मराठी वरणभाताचा वास येतो असे दिलीपकुमार म्हणाले, आणि मग त्यांनी शिक्षक लावून उर्दू शिकून घेतली. ही कथा आपण नेहमी जिद्दीची म्हणून सांगतो. गळ्याला कुठल्या गावचा वास असावा हे कोण ठरवतो, या अंगाने ती क्वचितच सांगितली जाते.

आफ्रिकेतल्या गायकांकडे वळले की गाणे आणि मुलाखत यांचे नाते उलटेच होते. सेनेगालचा यूसू न्दूर प्रामुख्याने वोलोफमध्ये गातो आणि फ्रेंच पत्रकारांना मुलाखती फ्रेंचमध्ये देतो. तिथे गाणे घरचे, मुलाखत परकी. परकी म्हणण्यापेक्षा कचेरीची. त्याची फ्रेंच ऐकून विद्यार्थ्याला एक दिलासा मिळतो : ही भाषा शाळेत शिकून, स्वतःच्या सुरात, न ओशाळता बोलता येते. दुसरीकडे कोत दिव्हुआरच्या मॅजिक सिस्टमचे 'प्रमिए गाऊ' हे १९९९चे गाणे. त्यातला 'गाऊ' आबिजानच्या नूशी बोलीतला, अर्थ भोळसट, गंडवला गेलेला. त्या गाण्याच्या तालावर फ्रान्समधली लग्ने नाचली आणि शब्द फ्रेंच घरांत शिरला. आणि गाएल फाय : जन्म बुरुंडीतल्या बुजुंबुराचा, आई रवांडाची, वडील फ्रेंच. 'प्ती पेई', म्हणजे 'छोटा देश', या नावाचे गाणे त्याने आधी केले आणि त्याच नावाची कादंबरी २०१६ साली लिहिली. गाणे, कादंबरी आणि मुलाखत अशा तीन नळ्यांतून तोच विषय वाहताना पाहायचा असेल तर याच्यासारखे उदाहरण नाही. गाण्यात तो देशाला हाक मारतो, कादंबरीत मुलाच्या डोळ्यांनी पाहतो, आणि मुलाखतीत दोन्हींविषयी विचारले की सावध होतो. ते सावधपण शिकणाऱ्याने ऐकावे. कुठल्या क्रियापदापाशी माणूस थबकतो, ते.

भाषेशी खेळण्याचाही एक मोठा कप्पा गाण्यांत आहे. सेर्ज गेन्सबूरचे १९६३चे 'ला जावानेज' हे 'जावाने' नावाच्या बालिश गुप्तभाषेवर बेतले आहे : शब्दात मध्येच 'आव' घुसडायचा. आपली च-ची भाषा लहानपणी बोललेल्या कोणालाही हे सांगायची गरज नाही. ब्रेलने १९६२च्या 'ब्र्युसेल'मध्ये शहराच्या नावाचे क्रियापद केले आणि ते अपूर्ण भूतकाळात चालवले. 'तेव्हा मुंबई मुंबावत होती' असे काहीसे. अपूर्ण भूतकाळ कशासाठी असतो हे मला तिथे कळले, व्याकरणाच्या तक्त्यातून नाही. ब्रुसेल्सचाच स्ट्रोमाए, वडील रवांडाचे, आई बेल्जियन. त्याने तर आपले नावच 'माएस्त्रो'ची अक्षरे उलटवून केले. त्याचे २०१३चे 'पापाऊते' ऐकू येते तसेच एका शब्दात लिहिलेले आहे : 'बाबा, कुठे आहेस?' पुस्तकात इथे 'त्यू ए' असे दोन शब्द असते, बोलण्यात ते 'ते' होते. त्याने बोलण्यातली फ्रेंच शीर्षकातच ठेवली.

स्ट्रोमाएमुळेच माझी गाणे आणि मुलाखत ही सरळ विभागणी मोडली. ९ जानेवारी २०२२ रोजी, बऱ्याच वर्षांच्या मौनानंतर, तो फ्रान्सच्या टीएफ १ वाहिनीवर रात्रीच्या बातम्यांत मुलाखतीला आला. निवेदिका आन-क्लेर कुद्रे यांनी शेवटी एकाकीपणाविषयी विचारले. तो उत्तर देऊ लागला आणि ते उत्तर गाणे निघाले, 'लाँफेर', म्हणजे 'नरक'. मनात येणाऱ्या आत्महत्येच्या विचारांविषयीचे हे गाणे तोवर कोणी ऐकले नव्हते. बसल्या जागी, कॅमेऱ्याकडे पाहत, बातम्यांच्या टेबलावर हात ठेवून त्याने ते गायले. प्रेक्षक हेलावले. दुसऱ्या दिवशी प्रश्नही आले : हे आधी ठरलेले होते, मग ही बातमी की जाहिरात? माझ्या मते आक्षेप रास्त होता. पण मला त्याहून जास्त अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. ते दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिले, बोलणे संपून गाणे नेमके कुठे सुरू होते तो सांधा पकडण्यासाठी. सांधा सापडतो, वाक्य तालात पडते, श्वास बदलतो. आणि मग शंका येते की त्याआधीचे अडखळत बोलणे तरी किती सहज होते? ज्याला आपण मुलाखत म्हणतो तोही एक रंगमंच आहे. १९६९च्या त्या टेबलावरही मायक्रोफोन होते आणि छायाचित्रकार उभा होता. तीन नामवंतांना एकमेकांसमोर आपण कसे ऐकू येतो याचे भान होते. 'खरी बोली' ऐकायला म्हणून मी मुलाखतीकडे गेले, तर तिथेही माणसे आपापली चाल लावून बसलेली.

तरीही दोन चालींतला फरक ऐकता येतो, आणि माझ्या मते शिकणे घडते ते त्या फरकातच. एकाच गळ्यातून निघालेले एक गाणे आणि एक मुलाखत घ्यावी. गाण्यात उच्चारलेला कुठला स्वर मुलाखतीत गळला, कुठला 'न' पडला, 'त्यू'चे 'व्हू' कुठे झाले, एवढेच कागदावर मांडावे. मी अलीकडे शिकवते ती अशी. मुलांना पहिले दोन महिने हे जाचक वाटते. त्यांना गाणी हवी असतात, आणि गाणी हवीशी वाटणे हा गुन्हा नाही.

फ्रेंच सरकारलाही भाषा गाण्यात राहते हे पटलेले आहे. १९९४च्या कायद्याने रेडिओवर महत्त्वाच्या वेळी निदान चाळीस टक्के गाणी फ्रेंच भाषेतली असावीत असे ठरले. १९९६च्या जानेवारीपासून ते अमलात आले. जुन्या गोड गाण्यांना आधार मिळावा अशी काहींची अपेक्षा असेल. रेडिओवर त्या जागेत शिरले ते मुख्यतः उपनगरांतले रॅप. भाषा वाचवायला कायदा केला आणि वाचली ती कायदा करणाऱ्यांच्या कानाला परकी वाटणारी फ्रेंच. त्या विरोधाभासाचे टोक २०२४ साली दिसले. माली देशात जन्मलेली, पॅरिसच्या उपनगरात वाढलेली आया नाकामुरा ऑलिंपिकच्या उद्घाटनात गाणार अशी वार्ता येताच, ही बाई फ्रेंचमध्ये गातच नाही, अशी ओरड झाली. तिच्यावर वंशद्वेषी शेरे इतके बरसले की पॅरिसच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. २६ जुलैच्या संध्याकाळी ती फ्रेंच अकादमीच्या घुमटाच्या इमारतीतून बाहेर पडली आणि समोरच्या पुलावर रिपब्लिकन गार्डच्या बँडबरोबर गायली. स्वतःच्या गाण्यांत तिने शार्ल आझ्नावूरचे 'फॉर मी फॉर्मिदाब्ल' गुंफले. आर्मेनियन निर्वासितांच्या मुलाचे हे १९६३चे गाणे इंग्रजी आणि फ्रेंच यांची सरळ भेळ करते आणि आज अभिजात मानले जाते. ज्यांना नाकामुराची फ्रेंच फ्रेंच वाटत नव्हती, त्यांपैकी कितीजण आझ्नावूर गुणगुणत मोठे झाले असतील?

शेवटी त्या मुक्या स्वराची एक ताजी हकिगत. गेली काही दशके भाषाशास्त्रज्ञ नोंदवत आहेत की पॅरिसमधली मंडळी वाक्याच्या शेवटी, जिथे लेखनातही स्वर नाही अशा शब्दांनासुद्धा, एक छोटा अ जोडू लागली आहेत. 'बोंझूर'चे 'बोंझूर-अ'. मागच्या खेपेला ल्याँमधल्या त्याच बाईंना भेटायला गेले. आता त्यांचे वय झाले आहे. दारात त्यांची नात उभी होती, तिने मला अगदी असाच, शेपूट लावलेला 'बोंझूर-अ' केला. आतून बाईंचा आवाज आला, 'पाहिलंत ना, आता हीसुद्धा तुमच्यासारखीच बोलते!'